वाकडी रांग

चौऱ्याऐंशीच्या जुलैत मी फौजेच्या वैद्यकीय तुकडीत नायक होतो. पोस्टिंग रत्नागिरीत, खाडीकाठच्या कॅम्पात. तिथले दोन जवान ताप आणि काविळीने आजारी पडले होते. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरणाऱ्या जंतूचा संशय होता. समोरच्या जुव्यावर, म्हणजे खाडीतल्या बेटावर, असा ताप दर पावसाळ्यात येई. तिथल्या लोकांना आधी लागण होऊन गेली आहे का, हे रक्त घेऊन तपासायचं होतं. निघण्यापूर्वी एक मोठे साहेब आले. होडीला हार घातला, भाषण केलं आणि होडीत न बसताच परत गेले.

जुव्यावर आम्ही दोघे. हवालदार शिंदे आणि मी. शिंदे साताऱ्याकडचे, माझ्याहून वयाने बरेच मोठे. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं. दुपारपर्यंत फक्त एक कुत्रं येऊन गेलं. माणसं भातलावणीत होती.

शिंदे बांधावर गेले, मागोमाग मी. पार्वतीकाकी वाकून लावणी करत होत्या. त्यांचे यजमान आदल्या पावसाळ्यात याच तापाने गेलेले, मुलगे मुंबईला. काकींनी सरळ सांगितलं, आधी लावणीला हात लावा, मग रक्त घ्या.

शिंदे गमबुटांसकट खाचरात उतरायला गेले. जंतू कातडीच्या भेगांतून शिरतो, म्हणून गमबूट काढायचे नाहीत, अशी सक्त ऑर्डर होती. काकींनी हात आडवा धरला.

"लक्ष्मीच्या अंगावर बूट घालून चाललास, मेल्या?"

शिंद्यांच्या टाचा भेगाळलेल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बूट काढले आणि बांधावर टाचा जुळवून ठेवले.

ज्वारी पेरणाऱ्या घरातला माणूस. त्यांची रांग वाकडीच जायची. बाया हसून बेजार.

"परेडला पण असाच उभा रवतोस काय रे?" काकी म्हणाल्या.

"तिथं सुभेदार असतोय, काकी. हितं तुमी."

आठवड्याभराने सगळी लावणी आटपली आणि अख्खं जुवं पडवीत आलं. पहिला हात काकींनी पुढे केला.

शेवटच्या नळ्या भरल्या त्याच दिवशी शिंद्यांना ताप चढला. पोटऱ्या अशा दुखत की उभं राहवेना. मग डोळे पिवळे झाले. वाऱ्याने होडी निघेना. जवळ होतं तेवढं पेनिसिलीन मी देत राहिलो. वायरलेसवर कॅम्प लागला.

"सँपल्सची स्थिती सांगा. ओव्हर."

"सँपल्स सेफ. हवालदार सेफ नाहीत. ओव्हर."

मग आवाज आला, वारा पडला की बोट पाठवतो.

काकी उशाशी बसून चमच्याने पेज भरवत होत्या. शिंद्यांनी विचारलं, रोपं धरली का.

"धरली हो. तुझी वाकडी पण धरली."

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली. शिंदे सकाळीच गेले होते. नळ्यांची पेटी आणि त्यांचा देह, एकाच बोटीतून नेला.

रिपोर्ट आले. जुव्यावरच्या बऱ्याच जणांच्या रक्तात जुन्या लागणीच्या खुणा होत्या. काकींच्याही. साहेबांनी पुन्हा भाषण केलं. मोहीम यशस्वी झाली होती. शिंद्यांचं नाव घेतलं, हुद्दा चुकला.

कापणीच्या दिवसांत मी रिपोर्ट सांगायला जुव्यावर गेलो. काकींचं खाचर कापून झालं होतं. मध्ये एकच रांग उभी होती, वाकडी.

"तिथे विळा घालवत नाही रे," काकी म्हणाल्या. "तू काप."

जमीन कोरडी होती. तरी मी बूट काढले, बांधावर टाचा जुळवून ठेवले आणि खाली उतरलो.