कौलाआधीचा प्रश्न

तुम्ही दोघं इतकी लांब राहता की आजी कॉलेजात काय शिकवायची, हे तुम्हांला फक्त तुमच्या आईकडून ऐकून माहीत. ती सांगते, आजी विचार करायला शिकवायची. ते खरं नाही. विचार मुलांना येतोच. मी महाडच्या कॉलेजात प्रथम वर्षाला तत्त्वज्ञानाची ओळख हा विषय शिकवायचे, सकाळी साडेसातला, आणि निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका मुलीला मीच वर्गातून जवळजवळ घालवलं. ते क्रमाने सांगते.

माझ्या तासाला नोट्स मिळत नसत. मुलं जुलैपासून विचारायची, "मॅडम, नोट्स कधी?" आणि मी नाही म्हणायचे. बाजारात गाइड मिळतं, ते पाठ करून पास होता येतं, हे मलाही माहीत होतं. पण मी स्वतः हे प्रश्न इंग्रजी पुस्तकांतून शिकले होते आणि माझा हट्ट होता की ते महाडच्या बाजारपेठेत आणि पोलादपूरच्या वाड्यांवरही चालले पाहिजेत. नाहीतर ते प्रश्न कसले?

म्हणून दर गुरुवारी एकाने घरून एक वाक्य आणायचं. घरात सगळे जे खरं धरून चालतात, असं वाक्य. मी ते फळ्यावर लिहायचे आणि वर्गाने एकच विचारायचं: कशावरून? उत्तर ज्याचं वाक्य त्यानेच द्यायचं, दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही. हा नियम मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्याला चौकट केली होती. वर्षभर ती पुसू दिली नाही.

पहिलं वाक्य महाडमधल्या एका मुलाने आणलं. त्याचे वडील दुबईत गाडी चालवायचे.

"अब्बा पुढच्या महिन्यात येणार."

"कशावरून?" वर्ग ओरडला.

"फोनवर सांगितलं त्यांनी."

"आधी कधी सांगितलं होतं?" मागून एकाने विचारलं.

"दर महिन्याला सांगतात. चार वर्षं." तो स्वतःच हसला, मग सगळे हसले. तो तास उत्तम गेला. मी घरी येऊन वहीत तसं लिहूनही ठेवलं.

पुढच्या गुरुवारी मागच्या बाकावरची मुलगी उठली. ती पोलादपूरकडच्या कापडे गावाच्या वरच्या एका वाडीवरून यायची, पहाटे उतरून, मग एसटीने. घरी शेळ्या आणि थोडी शेती. आधी कधी बोलली नव्हती. म्हणाली, "आमच्या देवाचा कौल खोटा पडत नाय."

कौल तुम्ही पाहिलेला नाही. गावात मोठा निर्णय अडला की देवाच्या दोन खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

वर्गाने "कशावरून" म्हणायच्या आत मीच बोलले. "पाणी सुकलं की कळी पडणारच. कुठली आधी सुकते, एवढाच प्रश्न. याला ज्ञान नाही म्हणत, समजूत म्हणतात." आणि तिच्या वाक्यासमोर मी 'समजूत' असं लिहिलं. वर्ग हसला. ती बसली. कोपऱ्यातली चौकट तिथेच होती, माझ्याच अक्षरातली.

त्यानंतर तीन गुरुवार ती आली नाही. हजेरीपटात तीन फुल्या. तिच्याबरोबर एसटीने येणाऱ्या मुलीला मी गाठलं.

"तिचं आता काय खरं नाय, मॅडम. तिनं घरी सांगितलं, बाई कौलाला समजूत म्हणतात. आबा भडकले. म्हणाले, असलं शिकवत असतील तर देवालाच विचारू, कॉलेजात पाठवू की नको. रविवारी कौल हाय."

रविवारी सकाळी मी पोलादपूरची एसटी धरली. तिथून रिक्षाने कापडे, पुढे चढण. गुडघ्याला पट्टा बांधला होता, पर्समध्ये मुद्द्यांचा कागद होता. सात मुद्दे, क्रमवार. तिला परत आणल्याशिवाय उतरायचं नाही, असं ठरवूनच चढत होते.

देवळाच्या अंगणात दहाबारा माणसं होती. तिचे आबा, म्हणजे वडील, पुढे आले. "बाई, आल्यात ते बरं झालं. बसा, पाणी घ्या. पन मध्ये बोलायचं नाय."

मी कागद पर्समध्येच ठेवला.

देवळाचा गुरव म्हातारा होता. कळ्या लावायच्या आधी तो मोठ्याने म्हणाला, "उजवी पडली तर काय, डावी पडली तर काय, आधी सगळ्यांनी ऐका. कळी पडल्यावर अर्थ लावायचा नाय. आधी प्रश्न पक्का करा."

मी ऐकतच राहिले. उत्तर कशाला म्हणायचं ते आधी ठरवा, हीच गोष्ट मी कॉलेजात तीन-तीन तास घेऊन शिकवायचे. याने ती दोन वाक्यांत सांगितली.

"पोरीनं कॉलेज सोडावं का?" वडील म्हणाले. "उजवी म्हंजे सोडावं."

गुरवाने कळ्या चिकटवल्या. आणि भिंतीला टेकलेली ती मुलगी बोलली.

"आबा, प्रश्न चुकला."

"काय चुकलं गो?"

"तुमाला राग बाईंचा आलाय. देवाला विचारताय माझ्याबद्दल. देव विचारलं तेवढंच सांगणार ना?"

कुणीतरी हसलं. वडील तापले. "तूच म्हनालीस कौल खोटा!"

"मी नाय म्हटलं. बाई म्हणाल्या, ते मी घरी सांगितलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला बोलायला मनाई होती. गुरवाने वळून पाहिलं. "आता बोला की, बाई."

सातांतला एकही मुद्दा उपयोगाचा नव्हता. मी उभी राहिले. "कौल खरा की खोटा, मला माहीत नाही. मी तो आज पहिल्यांदा बघतेय. तरी वर्गात मी निकाल देऊन टाकला. तिला एक शब्द विचारला नाही. चूक माझी आहे, शिक्षा तिला नको."

वडील म्हणाले, "आनि तुमी शिकवता काय नक्की?"

"हेच. प्रश्न नीट धरायला."

"ते तर तिला येतंय. आत्ताच केलं की तिनं. मग पाठवू कशाला?"

आता सगळं अंगण हसलं. मुलगी मात्र हसली नाही. "तिकडंच शिकले, आबा. आनि अजून पुरतं येत नाय."

गुरवाने पुढे होऊन दोन्ही कळ्या हलकेच काढल्या आणि देवाच्या पायाशी ठेवल्या. "प्रश्नच पक्का नाय, तर कौल कसला? माणसांत बसून मिटतंय ते देवावर घालू नये रे." वडिलांनी मान हलवली. मला म्हणाले, "बाई, जेवून जावा. आनि पुन्हा न बघता बोलू नका."

"नाही बोलणार," मी म्हणाले.

गुरुवारी ती आली. साडेसातला, ओल्या चपलांनी, दम लागलेला. मी तिला पुढे बोलावलं, तिचं वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिलं आणि यावेळी समोरची जागा मोकळी ठेवली. तिने कळ्या, खांदे, गुरव, सगळं सांगितलं. वर्गाने "कशावरून" विचारलं, आणि तिने उत्तरं दिली. काही पटण्यासारखी होती, काही नव्हती. एका ठिकाणी अडली, तेव्हा "हे मला माहीत नाय" म्हणाली. मी मध्ये पडले नाही.

शेवटी दुबईवाल्या मुलाने हात वर केला. "अब्बांच्या तिकिटासाठी लावता येईल का ग कौल?"

वर्ग हसायच्या बेतात होता. ती शांतपणे म्हणाली, "आधी प्रश्न पक्का कर. कधी येणार, असं विचारायचंय तुला?"

"नाही," तो म्हणाला. "यायचंय का, असं विचारावं लागेल. आणि ते त्यांनाच."

तास संपायला बारा मिनिटं होती. मी खडू खाली ठेवला आणि त्याच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसले.