शेप्याखालचा वाकडा बांध

शिवशंकर मस्कतला एका शीतगोदामात स्टोअरकीपर आहे. त्याला आता सत्तावीस वर्षे झाली. आम्ही दोघे बी.कॉम.ला एका बाकावर बसायचो. मी इथेच एका कारखान्याच्या लेखा विभागात लागलो आणि तो समुद्रापलीकडे गेला. त्याच्या इथल्या पुंडलिकनगरच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. महिन्यातून एकदा मी जातो, खिडक्या उघडतो, नळ सोडून पाहतो, दाराखालून सरकवलेले कागद गोळा करतो आणि पुन्हा कुलूप लावतो. घर त्याचे असले तरी पावसाळ्यात कोणत्या दाराला खांद्याने रेटावे लागते, हे त्याच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

बाहेरगावी गेलेले लोक दिवाळीला घरी येतात. शिवशंकर मे महिन्यात येतो, ऐन उन्हात, आंब्यासाठी. देवगाव रंगारीला त्याची अडीच एकर जमीन आहे आणि तिच्या उत्तरेच्या बांधाजवळ एक जुने गावरान आंब्याचे झाड आहे. त्याच्या आंब्याला शेपूच्या भाजीसारखा वास येतो, म्हणून त्याचे नाव शेप्या. साल जाड, कोय मोठी; बाजारात त्याला कोणी हात लावणार नाही.

"मस्कतला जगातले सगळे आंबे मिळतात," शिवशंकर म्हणतो, "पण शेपूचा वास येणारा एकही नाही."

"देवाची कृपा," असे त्याची बायको करुणा म्हणते.

पुढच्या वर्षी तो निवृत्त होऊन परत येणार आहे. सहा महिने पुंडलिकनगरला आणि सहा महिने शेतावर, असे त्याने ठरवले आहे. शेतावर शेप्याच्या सावलीत दोन खोल्या बांधायच्या. त्यांचा नकाशा त्याने गोदामाच्या पावतीमागे इतक्या वेळा काढला आहे, की मला तो डोळे मिटून काढता येईल.

यंदा जानेवारीत त्याने मला फोन करून उपग्रहाचा नकाशा उघडायला सांगितला.

"शेप्या दिसला? आता बांध बघ. दोन्हीकडून सरळ येतो आणि शेप्यापाशी आप्पाच्या रानात फुगतो. दिसलं?"

दिसले. बांध खरोखरच वाकडा होता.

"म्हणजे शेप्यापाशी आहे ती खरी हद्द. बाकी दोन्हीकडून आप्पानं बांध कोरत आणलाय. झाडापाशी तेवढं जमलं नाही, मुळं आडवी आली."

आप्पासाहेब म्हणजे शेजारच्या रानाचे मालक आणि शिवशंकरचे शाळासोबती. दर रविवारी दोघे फोनवर बोलतात. शिवशंकरचे वडील गेले तेव्हा विमान मिळून तो पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. अग्नी आप्पासाहेबांनी दिला. त्यांच्यावर असा संशय घेणे मला जड गेले. पण शिवशंकरकडे आणखी एक गोष्ट होती. त्याची जमीन बटईने करणारा बिभीषण त्याला म्हणाला होता, "दादा, आंबे निम्मे आप्पासायबाच्या घरी जातात. त्यांची म्हातारी पाटी घिऊन येती अन् निम्मे घिऊन जाती. मी काय बोलनार?"

वाकडा बांध आणि निम्मे आंबे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर मलाही शिवशंकरचे म्हणणे पटले. आयुष्यभर हिशोबांची जुळवाजुळव करणाऱ्या माणसाला जुळलेले दिसले की तो पुढे पाहत नाही. सरकारी मोजणीचा अर्ज मीच भरला.

"आधी आप्पासाहेबांशी बोलायचं का?" मी एवढे विचारले होते.

"तोंडावर बोललो तर वाईटपणा येईल," शिवशंकर म्हणाला. "मोजणी परस्पर झाली तर ते सरकारचं काम. त्याला राग यायचं कारण नाही."

मोजणीची तारीख मे महिन्यातली मिळाली. नियमाप्रमाणे शेजारच्या जमीनमालकालाही नोटीस गेली. त्या आठवड्यापासून आप्पासाहेबांचा रविवारचा फोन बंद झाला. शिवशंकरने केलेले फोनही कोणी उचलले नाहीत.

मे महिन्यात तो आला. पहिल्या दिवशी माझ्याकडून किल्ली घेऊन तो घरात शिरतो आणि सगळे पंखे एकदम लावतो, ही त्याची रीत. यंदा तो पंखे न लावताच सोफ्यावर बसला. "दोन खोल्या बांधीन, रे," तो म्हणाला. "पण तिथं चहाला यायला आप्पाशिवाय आहे कोण? बिभीषणाचं पीक निघालं की तो फिरकत नाही."

मोजणीच्या सकाळी आम्ही माझ्या गाडीने निघालो. दौलताबाद मागे पडले. शेतावर पोहोचलो तेव्हा आप्पासाहेब पलीकडे त्यांच्या रानात बाजेवर बसले होते. शेजारी त्यांच्या आई, वच्छलाबाई, पदर डोळ्यांवर ओढून बसल्या होत्या. शिवशंकरने हात उंच केला. आप्पासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. नमस्कार म्हणावा असे त्यात काही नव्हते.

एक दिवस आधी येऊन शिवशंकरने शेप्याच्या उत्तरेला, दाट सावलीत, दोन खोल्यांच्या आखणीची चुन्याची फक्की मारून ठेवली होती. पांढऱ्या रेघांच्या त्या चौकोनात उभे राहून तो मोजणीवाल्या साहेबांचे यंत्र पाहत होता. साहेब तरुण आणि कमी बोलणारे होते. ते चालत गेले, थांबले, पुन्हा चालत गेले. दोन तासांनी त्यांनी पहिली खूण पूर्वेच्या टोकाला केली. ती बरोबर बांधावर पडली. दुसरी पश्चिमेच्या टोकाला, तीही बांधावर. तिसरी खूण करायला ते शेप्यापाशी आले आणि शिवशंकरच्या खोल्यांमधून चालत जाऊन बुंध्याच्या अगदी जवळ थांबले.

"हद्द इथून जाते," ते म्हणाले.

"इथून कशी? बांध तर तिकडं आहे."

"बांध असेल. हद्द सरळ आहे. झाड तुमच्यात आहे, पण झाडापलीकडची ही पट्टी त्यांची." त्यांनी पायाखालच्या पांढऱ्या रेघांकडे पाहिले. "आणि हे काय आखलंय तेही त्यांच्यातच आहे."

आप्पासाहेबांनी बांध कोरला नव्हता. फुगवटा त्यांच्याच रानाला पोखरून आमच्याकडे आला होता. नकाशा आम्ही दोघांनी उलटा वाचला होता, आणि ते सिद्ध करायला सरकारला आम्हीच बोलावले होते.

साहेब कागद करायला बाजूला गेले. शिवशंकर मात्र त्या चौकोनात तसाच उभा राहिला. शेवटी वच्छलाबाईच काठी टेकत बांधावर आल्या.

"शिवा, पाय दुखतील, बस खाली," त्या म्हणाल्या. "तुझा बाप असाच उभा होता इथं. हातात कुऱ्हाड घिऊन."

"कशाला, काकू?"

"झाड तोडाया. शेप्या मोठा झाला, त्याची सावली आमच्या रानात पडायची. सावलीत जवारी येत नाय, नुसते धांडे वाढतात. आमचे हे एका शब्दानं बोलले नव्हते, पर तुझ्या बापाला लाज वाटली. कुऱ्हाड घिऊन आला. ह्यांनी दांडा धरला. म्हनाले, झाड कशापायी तोडतो? सावली पडती तेवढं रान तूच घे, बांध इकडं सरकव. म्हंजे सावली तुझी तुझ्याच रानात. अन् आंबे निम्मे आमाला दे. झालं."

"कागद केला नाही?" हे मी विचारले.

म्हातारी माझ्याकडे पाहून हसली. "सावलीचा कागद कुठं करतात, सायेब?"

शिवशंकर त्या वेळी शहरात वसतिगृहात होता. त्याला वडिलांनी कधी सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटले नसावे.

तो बांध ओलांडून आप्पासाहेबांच्या बाजेपाशी गेला. मी मागोमाग गेलो.

"आप्पा, चुकलो."

"दर इतवारी फोन करतो," आप्पासाहेब त्याच्याकडे न पाहता म्हणाले. "मस्कतला ऊन किती, ते सांगतो. माशाचा भाव सांगतो. शेजाऱ्याची बायको कशावरून भांडली, ते बी सांगतो. अन् बांधाचं इचारायला सरकारी मानूस धाडतो?"

"तोंडावर विचारायची लाज वाटली."

"नोटीस आली तव्हा मला नाय वाटली लाज? पोस्टमन सगळ्या गावासमोर सही घेत व्हता."

शिवशंकर बाजेच्या कडेला बसला. आप्पासाहेब थोडे सरकले. रागाने की जागा करायला, ते कळले नाही.

"आता सरकारनं सांगितलं, पट्टी माझी," ते म्हणाले. "म्हंजे सावली बी माझी. मग आंबे आता सगळे माझे का निम्मे? तुमी कॉमर्सवाले आहात. लावा हिशोब."

"सगळे ने," शिवशंकर म्हणाला.

"तो शेपूचा पाला सगळा घिऊन काय करू? घरात आईशिवाय कोनी खात नाय. ती बी तुझ्या बापाच्या नावानं खाती."

तेव्हा शिवशंकर हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. वच्छलाबाई मान फिरवून शेप्याकडे पाहू लागल्या.

जेवण त्यांच्याच घरून आले. ते झाल्यावर शिवशंकर उठला, पायाने जुनी फक्की मोडली आणि झाडाच्या दक्षिणेला, स्वतःच्या रानात, नव्या रेघा मारू लागला. तिथे सावली दुपारी फार तर हातभर होती. आप्पासाहेब बांधावर उभे राहून पाहत होते. तो दाराची जागा मोकळी सोडत होता, ती रस्त्याच्या बाजूने, दक्षिणेला.

"अरे शिवा, दक्षिनेला दार करतो व्हय? मस्कतला राहून अक्कल तिकडंच ठिवली का?"

"मग कुठं करू?"

"उत्तरंला कर. शेप्याकडं. म्हंजे मी हितून आवाज दिला तर आयकू जाईल."

शिवशंकरने दक्षिणेची जागा फक्कीने बुजवली आणि दार उत्तरेला सोडले.

जुलैत मोजणीचा नकाशा माझ्या पत्त्यावर आला. त्यात हद्दीची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ आहे. मी फोनवर तसे सांगितले.

"फायलीत ठेव," शिवशंकर म्हणाला. "आप्पानं बांध सरळ केला का?"

मी आदल्याच रविवारी जाऊन आलो होतो. बांध होता तसाच फुगलेला होता. त्या पट्टीत आप्पासाहेबांनी काही पेरले नव्हते. नुसते गवत वाढले होते. खोल्यांच्या भिंती मात्र कमरेइतक्या वर आल्या होत्या. गवंड्यांवर देखरेख आप्पासाहेबांचीच असते, आणि त्यांचा फोन आता इतवारची वाट पाहत नाही. परवा त्यांनी शिवशंकरला एक फोटो पाठवला, तो त्याने मला पुढे धाडला. चौकट अजून बसलेली नाही. दाराच्या मोकळ्या जागेत बाज आडवी टाकली आहे, तिच्यावर आप्पासाहेब पाय पसरून बसले आहेत. फोटोखाली त्यांचाच आवाज भरलेला होता:

"पयला पाव्हना आला. चहा कोन टाकतंय?"