मागच्या सीटवर ढेपेचं पोतं

परवा माझ्या भाचीनं मोटरसायकल घेतली. शोरूममधूनच फोन केला, "मामा, गाडीले काय काय लावून घेऊ?" आमच्या घरात कोणीही गाडी घेतली की असा फोन मला येतोच. मी गाड्यांतला जाणकार आहे असं कोणाचंच मत नाही. नव्या गाडीवाल्यानं करायच्या सगळ्या चुका मी एकट्यानं करून ठेवल्या आहेत, आणि त्या अजून ताज्या आहेत, एवढीच माझी पात्रता.

मी म्हटलं, "काही लावू नको. अन् कंपनीनं जे लावून पाठवलं ते काढू नको."

ती हिरमुसली. एवढं तर तिच्या बापानंही सांगितलं असतं. फोनवर बाकीचं सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

मी पहिली नवी गाडी घेतली ती वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. तोवर एक जुनी स्कूटर होती. सुरू करायच्या आधी तिला रोज एका कुशीवर कलती करावी लागे, आणि माझे विद्यार्थी शाळेच्या गेटाशी उभे राहून तो सोहळा बघत. म्हणून नवी काळी मोटरसायकल हातात आली तेव्हा मला वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. वाटायला हरकत नव्हती. पण मी तसा वागायलाही लागलो.

शोरूममधून निघालो तो थेट सामान लावून देणाऱ्या दुकानात. पुढे दोन पांढरे झगझगीत लाइट लावले. तीन सुरांचा हॉर्न लावला. सीटला चकचकीत कव्हर चढवलं. शेवटी दुकानदार मागच्या चाकाच्या डाव्या बाजूची लोखंडी जाळी ठोकून म्हणाला, "सर, हे साडीगार्ड ठेवता का? दूधवाल्याची गाडी दिसते यानं."

मी गाडीकडे पाहिलं. दिसत होती खरी. म्हटलं, "काढ."

त्याच जाळीला खाली, एका बाजूला बसणाऱ्या बाईसाठी, पाय ठेवायची पट्टी होती. तीही गेली. घरी आल्यावर बायकोनं गाडीला कुंकू लावलं, भोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "मी पाय कुठं ठेवू?"

"अवं, ते काय फुटरेस्ट."

"ते दोन्हीकडं पाय टाकून बसनाऱ्यायचं हाय. मी काय पँट घालून येऊ तुमच्यामागं?"

"होते सवय," मी म्हटलं. सवय तिला करायची होती, त्यामुळे मला ते सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जामसांवलीला नेऊन गाडीची पूजा केली. चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला हार घातला, आणि मारुतीरायाला म्हटलं, सांभाळून घे. त्यानं सांभाळलं. माझ्या अकलेच्या मानानं फारच सांभाळलं.

ही गाडी घेण्याचं खरं कारण माझी सासू होती. त्या मोहगावला माझ्या मेव्हण्याकडे असतात. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं सगळं सून करते आणि निगुतीनं करते, पण केस धुवायला मात्र त्यांना लेकच लागते. दुसऱ्या कोणाचा हात डोक्याला लागू देत नाहीत. त्यामुळे दर रविवारी बायकोला पांढुर्ण्याहून मोहगावला जावंच लागतं. बसनं गेलं तर पोचायला दुपार होते, आणि तीनला परतीची बस धरायची असते. मग पाणी तापवा, केस धुवा, ओल्या केसांवर फडकं गुंडाळा की निघा. मायलेकींचं बोलणं अर्ध्यावर राहायचं. गाडीनं गेलं तर नऊलाच पोचता येतं आणि ऊन उतरेपर्यंत बसता येतं. तेवढ्या तासांसाठी गाडी होती. लाइटांच्या नादात मी ते विसरून गेलो होतो.

पहिले तीन रविवार बरे गेले. चौथ्या रविवारी जामसांवलीच्या पुढे आम्ही चहाला थांबलो. नंतर मी किक मारली, बायको बसली, आणि मी माझ्या सवयीप्रमाणे क्लच फटकन सोडला. गाडीनं उडी मारली. पाय टेकवायला पट्टी नाही, खाली गुळगुळीत कव्हर. ती मागे सरकली, सावरायला हात फिरवला आणि पदर चाकात गेला.

मला फक्त एक ओढ जाणवली आणि "थांबा!" ऐकू आलं. मी ब्रेक दाबला, तोही फक्त मागचा, कारण पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो असं मला लहानपणी कोणीतरी सांगितलं होतं आणि मी ते तीस वर्षं पाळत होतो. गाडी थांबली तेव्हा बायको रस्त्याच्या कडेला धुळीत बसलेली होती. पदर खांद्यापासून फाटून त्याचे चाकाला दोन वेढे बसले होते. कोपर सोलवटलं होतं. थंडी सुरू झाली की ती पदर कानावरून घेऊन गळ्याशी गुंडाळते. त्या दिवशी ऊन होतं म्हणून गुंडाळला नव्हता. यापुढचं मला अजूनही लिहिता येत नाही. त्या उन्हाचे आभार मात्र मी रोज मानतो.

शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक म्हातारी बाई गवताचा भारा टाकून धावत आली. आधी तिनं मला गाडीची चाबी काढायला लावली. मग कमरेचा इळा काढून चाकातला पदर कापला, स्वतःच्या डोक्यावरचा दुपट्टा सोडून बायकोच्या खांद्यावर टाकला आणि तिला पाणी पाजलं. एवढं सगळं झाल्यावर तिनं माझ्या गाडीकडे निवांत पाहिलं.

"इतल्या लायटा लावल्या रे बाप्पा गाडीले. बाईले काय लावलं?"

तिचा दुपट्टा परत करायला पुढच्या आठवड्यात गेलो तर भेटली, आणि आधी चाकच पाहून आली.

त्या दिवशी बायको पुढे ऑटोनं मोहगावला गेली. मी मागून एकटाच, दोन्ही लाइट जळत ठेवलेले, वरातीत नवरदेवच हरवलेल्या घोडेवाल्यासारखा. ती भांडली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर शांतपणे म्हणाली, "मी येत जाईन बसनं. रागानं नाही म्हनून राहिली. माझा पायच चढत नाही त्या गाडीवर."

पुढच्या रविवारी ती बसनं गेली. त्याच्या पुढच्याही. संध्याकाळी आली की मी विचारायचो, "काय म्हणे आई?" ती म्हणायची, "काय म्हनन? बोलनं सुरू झालं तवा बस आली."

मग मी गाड्यांच्या मिस्त्रीकडे गेलो. पांढुर्ण्यातला हा मिस्त्री साठीचा आहे, माझ्या स्कूटरला त्यानंच इतकी वर्षं जिवंत ठेवलं होतं. त्यानं गाडीभोवती फिरून हॉर्न वाजवून पाहिला.

"गुरुजी, गाडी घेतली का बँड पार्टी?"

"काय झालं ते ऐकलं असन तुम्ही."

"सगळ्या गावानं ऐकलं. बसा."

त्यानं लाइट काढले. समोरच्या माणसाला आंधळं करून आपल्याला काय दिसणार, असं त्याचं म्हणणं; शिवाय हे सगळं बॅटरीवर चालतं आणि बॅटरी तेवढ्यासाठी बनवलेली नसते. हॉर्न काढला. सीटचं कव्हर काढून माझ्याच हातात दिलं. जुनं साडीगार्ड आणा म्हणाला. ते मी घरी परसात टाकून दिलं होतं; आणायला गेलो तर बायकोनं त्यावर वालाचा वेल चढवला होता, आणि वेलाला शेंगा लागल्या होत्या. "त्याले हात लावू नका," ती म्हणाली, "ते कामात हाय." शेवटी नवं बसवलं, पाय ठेवायच्या पट्टीसकट. नवीन गाडीवाल्यांनो, माझ्याकडून एक गोष्ट घ्या तर ही घ्या.

मिस्त्रीनं मला खाली उकिडवं बसवलं आणि चेन दाखवली. मधोमध बोटानं वर-खाली केली तर इंचभर हलली पाहिजे. फार ताठ नको, फार ढिली नको. धूळ पुसून तेल सोडायचं, आणि ते करताना इंजिन बंद, चाक हातानं फिरवायचं. सुरू गाडीच्या चेनीशी फडकं घेऊन बसणाऱ्यांची बोटं त्यानं पाहिली आहेत, असं तो म्हणाला आणि वर्णन करायला लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं. हवा दर आठवड्याला, चाक थंड असताना. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात थोडी जास्त. किती, ते गाडीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर लिहिलेलं असतं. मी ती पट्टी तोवर वाचलीच नव्हती. पोरांना मात्र मी प्रश्न नीट वाचा म्हणून रोज सांगतो.

"अन् आता चालवनं," मिस्त्री म्हणाला.

"चालवता येते ना मले!"

"हाव. म्हनून तर ताई बसनं जाऊन राहिल्या."

त्यानं शेजारच्या दुकानातून सरकीच्या ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं, पोतं आणवलं आणि माझ्या मागच्या सीटवर बांधलं. पन्नास किलोचं. "ताई बसाच्या पह्यले याले बसू द्या. हे बोंबलत नाही, पन खोटंबी बोलत नाही."

बाजाराच्या मैदानात, बाजार नसेल त्या दिवशी सकाळी, मी ते पोतं फिरवू लागलो. क्लच हळू सोडायचा, गाडी आपोआप सरकू लागली की मग रेस. दोन्ही ब्रेक एकदम. पुढचा दाबायचा, पण मुठीनं लिंबू पिळल्यासारखा, चढत्या जोरानं. वळणावर कुठं जायचं तिकडं बघायचं, खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते. हे शेवटचं मला दोनदा प्रत्यक्ष करून पाहावं लागलं. पहिल्या दिवशी पोतं एका अंगाला लोंबलं. दुसऱ्या दिवशी सुटून पडलं. फिरायला निघालेले लोक थांबून विचारायचे, "काय गुरुजी, ढेप कुठं नेऊन राहिले?" मी म्हणायचो, "कुठंच नाही." ते मान हलवून पुढे जायचे. आठवडाभरात गावात अशी बातमी झाली की गुरुजींनी म्हैस घेतली.

एका सकाळी मैदानाच्या कडेला बायको उभी दिसली. हातात बांबूची पाटी, पाटीत संत्री. ती संत्र्याच्या बागेत वाढलेली आहे. तिच्या माहेरी पाटी डोक्यावरून उतरवणाऱ्या बाईची परीक्षा फळाला मार लागला की नाही यावर होते. तिनं पोतं सोडायला लावलं, त्या जागी पाटी नुसती ठेवली आणि फक्त तळाशी दोरी मारली. वर झाकण नाही.

"दोन चक्कर मारा. अन् मधी ब्रेक लावा."

त्या दिवशी नऊ संत्री पडली. तिनं ती गोळा केली, पुसली आणि घरी गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली. पाच. मग तीन. मग एक, आणि त्या एकाबद्दल मी हुज्जत घातली की ते आधीच कडेला होतं. ती म्हणाली, "मीबी कडेलाच बसते."

मी उतरून ते संत्रं उचललं आणि पाटीत ठेवलं.

पुढच्या रविवारी सकाळी ती तयार होऊन बाहेर आली. हातात नेहमीची पिशवी. मी बसस्टँडवर सोडायला म्हणून ऑटो बघत होतो. ती गाडीजवळ जाऊन थांबली, साडीगार्ड हातानं हलवून पाहिलं, पदर कमरेला खोचून त्यावर पिन लावली.

"हवा पाह्यली?"

"काल पाह्यली."

"आज पाहा."

मी हवा पाहून आलो. ती बसली, पट्टीवर पाय ठेवले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. सुरुवातीला तो हात दगडासारखा होता. मागचं माणूस घाबरलेलं असताना काही होत नाही असं सांगत बसू नये, गाडी नीट चालवावी. हेही मला त्या पोत्यानंच शिकवलं असं म्हणायला हरकत नाही. ती चहाची टपरी आम्ही न थांबता ओलांडली. थोडं पुढे गेल्यावर ती आपल्या वहिनीच्या नव्या मिक्सरबद्दल बोलायला लागली, आणि मोहगाव येईपर्यंत थांबली नाही. इतकी वर्षं मी तिचं गाडीवरचं बोलणं वाऱ्यात ऐकू येत नाही असं सांगून टाळायचो. त्या दिवशी शब्द न् शब्द ऐकला.

नऊ वाजता पोचलो. वहिनींनी पाणी तापायला ठेवलं. बायकोनं आईला अंगणात खुर्चीवर बसवलं, शिकेकाईनं केस धुतले, पुसले आणि उन्हात पाठीवर मोकळे सोडले. मी ओसरीवर चहा पीत बसलो होतो. म्हातारीचे केस पांढरे आणि इतके लांब आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बसच्या दिवशी ते नेहमी फडक्यात असायचे.

थोड्या वेळानं सासूबाईंनी मान वळवून विचारलं, "तुही बस कितीची हाय वं?"

"आज बस नाही, माय. ह्यायच्या गाडीवर आली."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं, आणि डोकं मागे उभ्या असलेल्या तिच्या अंगाशी टेकवलं.

"मंग वाळू दे नीट. अन् वेनी घाल."