उजवीकडचा पट्टा

ती परदेशी बनावटीची गाडी आजही माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. सत्तरच्या दशकात मी सोलापूर तालुक्यात फौजदार होतो. भवानी पेठेतल्या मागावरचा एक विणकर सायकलने कुंभारीला घरी निघाला होता. या गाडीने त्याला उडवले आणि पुढे जाऊन ती चिंचेच्या झाडावर आदळली. विणकर जागीच गेला.

आम्ही पोहोचेपर्यंत मालकाने गाडी ट्रकला बांधून गॅरेजात हलवली होती. ठाण्यात मात्र त्याचा वयस्क ड्रायव्हर आपणहून हजर झाला.

"साहेब, गाडी मीच चालवत होतो. छोटे मालक डावीकडे बसले होते. त्यांचा पट्टा अडकला, तो कापून मी त्यांना काढलं."

सीटला पट्टा ही वस्तूच तेव्हा आम्हाला नवी होती. पंचनाम्याच्या वेळी मी दोन्ही पट्टे स्वतः तपासले. डावीकडचा कापलेला होता, त्याचे बकल काही केल्या सुटत नव्हते. उजवीकडचे बकल बोट लावताच उघडत होते. म्हणजे सांगितलेली हकीकत जुळत होती. वरिष्ठांनी विचारले, "आरोपीने कबुली दिलीय, मग थांबलात कशाला?"

थांबलो होतो एका बाईमुळे. रस्त्यालगत चहाचे हॉटेल चालवणारी ही बाई जमादाराला हळूच म्हणाली होती, "म्हातारा डाव्या दारानं उतरला की, साहेब. माज्याकडनं चाकू नेला. पर माजं नाव कुटं घिऊ नका, हितंच धंदा करायचा हाय."

नाव न सांगणाऱ्या बाईच्या शब्दावर खटला उभा राहत नाही. मी ड्रायव्हरला समोर बसवले, चहा मागवला आणि अपघाताचा विषयच काढला नाही.

"चाचा, गाडी तुम्हीच सांभाळता ना? त्या पट्ट्यांची मला काही माहिती नाही. ते बिघडतात का हो?"

त्याचा चेहरा खुलला. "बिघडतात की! आपल्याकडची धूळ बकलात जाते, मग खटका उठत नाही. डाव्याला कधी काही झालं नाही, पण उजव्यानं लई सतावलं. दोनदा खोलून रॉकेलनं धुतलं, स्प्रिंग ताणून बसवली. चार दिवस चालतं, पुन्हा अडकतं. आतला दातच झिजलाय, साहेब. नवीन बकलच पाहिजे. म्हणून मी तो पट्टा लावतच नव्हतो."

"उजवा म्हणजे तुमच्या बाजूचा?"

"व्हय, माझ्याच..."

तो थांबला. मी म्हणालो, "चाचा, उजव्या बाजूचं बकल आज लोण्यासारखं उघडतंय. अडकलेलं डावीकडे आहे."

काय बोलायचे तेवढे त्याला पढवले होते; मालकाने गॅरेजात डावा-उजवा पट्टा आपसांत बदलून घेतलाय, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेच नव्हते. त्याने तोंडावर रुमाल धरला. "पोराला मी खांद्यावर खेळवलंय, साहेब. त्याची आई पाया पडली माझ्या."

"मेलेल्यालाही आई आहे. मघाशी दारात बसून होती ती."

त्यानंतर तो सगळे खरे बोलला: गाडी मालकाचा मुलगा चालवत होता आणि कापला होता तो उजवीकडचा पट्टा. गॅरेजच्या मिस्त्रीला आणले. पट्ट्यांच्या बोल्टांवर पान्याचे ताजे ओरखडे दाखवताच त्याने अदलाबदल कबूल केली. मालकाच्या मुलाला सरकारी डॉक्टरांकडे नेले. शर्ट उतरवल्यावर उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत काळानिळा वळ उमटलेला दिसला. डावीकडे बसणाऱ्याच्या अंगावर तो वळ उलट बाजूने पडला असता.

कोर्टात बचावाच्या वकिलांनी चाचाला बरेच उलटेसुलटे विचारले. तो ढळला नाही. त्याने मॅजिस्ट्रेटांसमोर ते बकल खोलले आणि झिजलेला दात बोटाने दाखवला. मालकाच्या मुलाला शिक्षा झाली, पुरावा बदलल्याबद्दल बापावरही वेगळा खटला झाला. निकालानंतर विणकराची आई चाचासमोर येऊन उभी राहिली. तो मान खाली घालून होता. तिने त्याचा हात धरला आणि तेलुगूत काहीतरी बोलली. माझ्या जमादाराला ती भाषा येत होती. तो म्हणाला, "ती म्हणते, तू खरं बोललास, आता माझ्या पोराला शांती मिळेल."

नोकरीत मला बक्षिसे मिळाली, पण अभिमान वाटतो तो या तपासाचा. कुणावर हात उगारला नाही, कुणाला दम दिला नाही. दुसऱ्याला वाचवण्यासाठी खोटे बोलणारा माणूस गुन्ह्याविषयी विचारले की दार लावून घेतो. त्याच्या हातच्या कामाविषयी मनापासून विचारा. तिथे त्याला खोटे बोलवत नाही. पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी हेच शिकवले.