चुकलेल्यांचा वन्स मोर

माणसाला जन्मभर पुरेल एवढी लाज एकट्यानं पुरवण्याचं काम माझ्या बायकोच्या मामांनी केलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. हे आमचे मामेसासरे शारजाच्या औद्योगिक भागात एका गॅरेजचं स्टोअर सांभाळत आणि शुक्रवार उजाडला की कडक इस्त्रीचा सफारी चढवून, अत्तर चोपडून आशियाई सांस्कृतिक केंद्रात पहिल्या रांगेत हजर. कार्यक्रम कोणाचा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. श्रीलंकेचा नाच असो, बांगलादेशी कवींची बैठक असो की फिलिपिनो नर्सेसचं समूहगान, मामा आपले ठाण मांडून बसलेले. भाषा कळत नाही म्हणून त्यांचं कधी अडलं नाही. उलट शेजारच्याला ते आपणहून अर्थ सांगत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मामा पडले सांगलीचे, नाटकवेडे, आणि त्यांना वन्स मोर देण्याची खोड. तोही चांगल्याला नव्हे हो! ज्याचं हुकलं, फसलं, घसरलं, त्यालाच. "चांगला गाणारा काय, उद्याही गाईल," ते मला समजावत. "वन्स मोर चुकलेल्याला द्यायचा, जावईबापू. त्यालाही रात्री झोप लागली पाहिजे." त्या नर्सेसनी एकदा चौघींनी चार सूर लावले. गाणं संपलं म्हणून लोक सुटकेचा निःश्वास टाकतायत, तोच पहिल्या रांगेतून मामांची गर्जना झाली. बिचाऱ्या लाजत पुन्हा गायल्या, आणि खोटं कशाला बोलू, बऱ्या गायल्या. पण एका मल्याळी अकाउंटंटच्या मिमिक्रीला पहिल्यांदा कोणी हसलं नाही, आणि मामांच्या कृपेनं दुसऱ्यांदाही कोणी हसलं नाही. "यल्ला, खलास करो," असं मागून कोणीतरी करवादलं. मी न पडलेली गाडीची किल्ली खुर्चीखाली बराच वेळ शोधत राहिलो. केंद्राच्या मॅनेजरबाई दर वेळी मलाच गाठत आणि अंकल को थोडा समझाइए म्हणून विनवत. मी इन्शाल्ला म्हणून निसटत असे, कारण मामांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी समजावलं ते माझ्या मुलीनं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ती एक नाट्यपद म्हणणार होती. घरात मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी पोर, पण मामांनी दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी येऊन, चहावर चहा ढोसत, तिच्याकडून ते पद घोटून घेतलं होतं. आदल्या दिवशी ती त्यांना म्हणाली, "आजोबा, प्लीज डोंट शाउट टुमॉरो. माय फ्रेंड्स विल लाफ." मामांचा चेहरा उतरला. मग त्यांनी लहान मुलासारखा गळ्याला चिमटा घेऊन गळ्याशप्पथ म्हटलं. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी नऊवारी सावरत उभी राहिली. पहिली ओळ झकास गेली आणि दुसरीला गाडी अडली. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला, पुन्हा दिला. तिला काही केल्या आठवेना. मागं कोणीतरी फिस्सकन हसलं आणि माझे कान तापले. ती आईकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती एकटक मामांकडे बघत होती. मामांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि ओठ मिटून घेतले होते. मग ते माझ्या कानाशी वाकले. एरवी कोणाच्या बापाला न विचारणारा हा माणूस मला विचारत होता, "देऊ का?"

मी आधी मागे वळून पाहिलं. तिथं माझ्या ऑफिसचे साहेब सहकुटुंब बसले होते. मी परत वळून 'द्या' म्हणेपर्यंत पडदा पडला होता.

आम्ही गाडीनं घरी निघालो. बरंच पुढे गेल्यावर मागच्या सीटवरून रडक्या आवाजात प्रश्न आला, "व्हाय डिडन्ट यू शाउट, आजोबा?"

मामा काचेतून बाहेर बघत म्हणाले, "तू नको म्हणालीस ना, बाळा."

पुढे मामा रिटायर होऊन सांगलीला गेले. केंद्रात शुक्रवारचे कार्यक्रम अजून होतात, आम्ही जातो, कोणी ना कोणी चुकतंच. ते मान खाली घालून विंगेत निघून जातं, आणि आम्ही सगळे सभ्य माणसांसारखे गप्प बसून असतो.