एका पंगतीत
परवा ऑफिसच्या पार्टीत हातातली कागदी प्लेट रश्शाने खालून ओली झाली आणि मला वारज्यातला तो हॉल आठवला. तेव्हा आयटीतल्या पगारांवर तिथे भराभर सोसायट्या उभ्या राहत होत्या, आणि भिंतीपलीकडे विदर्भातून आलेल्या मजुरांची पत्र्याची वस्ती होती. आमच्या मानवी हक्क समितीने दोन्हीकडच्यांचं सहभोजन ठेवलं होतं. "एका पंगतीत बसले की माणसं जवळ येतात," असं आमचे अध्यक्ष सगळ्यांना सांगत होते. पंगत एकच बसली खरी, पण सोसायटीतल्यांनी घरून आपापली स्टीलची ताटं आणली होती आणि वस्तीतल्यांपुढे कागदी प्लेट्स मांडल्या गेल्या. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, तर म्हणाले, "अहो, नंतर भांडी घासायचा त्रास नको त्यांना. त्यांचीच सोय पाहतोय." माझ्या शेजारी वस्तीतली एक बाई ठेवणीतली साडी नेसून बसली होती. ती त्याच इमारतीत धुणीभांडी करायची. समोरच्या ताटांकडे बघत ती हळूच म्हणाली, "यातली निम्मी तर मीच घासते की रोज." मी उठायला लागले, तर अध्यक्षांनी हातानेच खाली बसायला सांगितलं. फोटो काढायचा होता. जेवणं उरकल्यावर एक काकू आपलं खरकटं ताट घेऊन तिच्याकडे आल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "आलीच आहेस, तर एवढी ताटं घासूनच जा गं." तिने त्या चांगल्या साडीचा पदर खोचला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात आम्ही सगळे एका पंगतीत बसलोय, आणि ताटं दिसत नाहीत.