नव्या साडीचं पोतेरं

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घर आधी नाकाने तपासायच्या. डोळ्यांचा नंबर नंतर. कुणाच्याही दारात उभं राहून एक लांब श्वास घ्यायच्या आणि त्या घराचा निकाल मनात लावून टाकायच्या. "जे नाकले सोसत नही, ते घरले सोसत नही," हे त्यांचं अहिराणी ब्रीद. गोडादरा या गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत त्यांना राखमाय म्हणत. घरोघरी गॅस आला तरी यांच्या भांड्यांना राखच लागे. नाक्यावरच्या फरसाणवाल्याच्या भट्टीतून ती आणायची, जुन्या लुगड्यातून चाळायची. चाळलेली राख चिमटीत धरून मला म्हणायच्या, "तोंडले लाव, गोरी व्हशी."

मी तेव्हा दहावी पास होते आणि ते कुणाला विसरू देत नव्हते. ज्या घराला फिनेलचा वास ते घर शिकलेलं, असं माझं शास्त्र होतं. आमच्याकडे कपडे रिठ्याच्या पाण्यात, फरशी कडुनिंबाच्या काढ्याने, नळ पिळलेल्या लिंबाच्या सालींनी. मी माहेरी पत्र लिहिलं, सासर बरं आहे, फक्त साबणाची कंजुषी आहे. पत्र टाकायला आत्याबाईंनाच पाठवलं. बघा माझी अक्कल.

एकदा त्यांची जिरवायची म्हणून मी पांडेसऱ्याहून पिशवीभर राख मागवली. आमचे हे तिथल्या मिलमध्ये डाइंगला, म्हणजे कापड रंगवायच्या खात्यात होते, बॉयलरची राख तिथे ढिगाने पडलेली. राख ती राख, म्हणत मी माझी लग्नातली पितळी कळशी मन लावून घासली. धुऊन पाहते तर दोन मांजरं तिच्यावर भांडल्यासारखे ओरखडे. आत्याबाईंनी ती राख बोटांत चोळली. "हाई दगडी कोळसानी शे. राख लाकूडनी जोयजे," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कापडाला त्यांच्या लेखी तीन जन्म होते. आधी अंगावर, मग गोधडीत, शेवटी फरशीवर. या क्रमात घाई केलेली त्यांना खपत नसे. गोधडीतून निवृत्त झालेला तुकडाही उजेडात धरून, अजून एक हिवाळा निघतोय का ते बघायच्या आणि मगच त्याचं पोतेरं व्हायचं.

ह्यांचे हात कामावरून येत ते सालं निघालेले, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडलेले. आत्याबाई खोबरेल चोळत बसायच्या. हे एकदा ताटावरून शांतपणे म्हणाले होते, "दिवसभर ते ॲसिड माझ्या नाकातोंडात असतं. ज्या दिवशी ते घरात येईल, त्या दिवशी मला हे घर नको." हे मी ऐकलं होतं. दहावी पास कानांनी ऐकलं होतं.

पुढे माझी वहिनी नाशिकहून यायची ठरली. आमच्या बोअरच्या पाण्याने मोरीच्या पांढऱ्या लाद्यांवर खाराचे पिवळे थर चढलेले. आत्याबाईंनी त्यावर चिंचेचा कोळ थापला आणि म्हणाल्या, तीन दिवस थांब. वहिनी दुसऱ्याच दिवशी येणार होती. मी गुपचूप आणून पिंपामागे लपवलेली ॲसिडची बाटली काढली, लाद्यांवर ओतली. एकाने एवढं होतं तर दोघांनी किती होईल, असा हिशेब करून वर ब्लीचिंग पावडर टाकली. कुणाला कळू नये म्हणून दार आतून ओढून घेतलं होतं.

पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. हिरवट धूर, घशात कोणी मूठ कोंबल्यासारखं, आणि दार ढकलून आलेला एक हात. आत्याबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. तिथून त्यांना वास लागला होता. माझी वेणी धरून त्यांनी मला बाहेर ओढलं.

माझ्या नव्या जांभळ्या साडीच्या काठाला भोकं पडली होती. त्यांनी मला दुसरी नेसवली, जांभळीचे कात्रीने चार तुकडे केले आणि त्या तुकड्यांनीच घर पुसून काढलं. तरी संध्याकाळी वासाने हे दारात थबकले. "कोणी आणलं?" आत्याबाई खोकत म्हणाल्या, "मी. डाग जाये ना."

ह्यांनी घर काही सोडलं नाही. गल्ली मात्र वर्षभर हसली. राखमायने शेवटी बाटली उघडली, म्हणे. जन्मभराचं ब्रीद त्यांनी माझ्यासाठी एका वाक्यात मोडलं आणि त्या हसणाऱ्यांत बसून हसल्या. खोकला मात्र पावसाळ्यापर्यंत पुरला. त्या गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. मला ते फार सोयीचं होतं.

परवा नात संत्र्याच्या साली, गूळ आणि पाणी बाटलीत भरत होती. तीन महिन्यांनी त्याने फरशी पुसायची, असं तिने फोनवर पाहिलंय. रोज झाकण सैल करून आतली हवा सोडायची म्हणे. ह्यांनी लगेच त्यांचा ठेवणीतला किस्सा काढला, "तुझी पणजी जन्मभर बाटलीशी भांडली, आणि शेवटी..."

"ती मी होते," मी म्हटलं.

हे संत्रं सोलत राहिले. "त्या दिवशी पोतेरं तुझ्या जांभळीचं होतं, भोकांसकट. नव्या साडीचं पोतेरं माझ्या आईने उगाच कधी केलं असतं का?"

"मग चाळीस वर्षं त्यांची थट्टा का करत होतात?"

"तिनेच बजावलं होतं. म्हणाली, ती सांगेल तेव्हा ऐक, तोवर मला हस."

नातीला काही कळलं नाही. ती बाटली हलवत होती. मी ती तिच्या हातून घेतली, झाकण सैल केलं आणि दारात उभी राहून एक लांब श्वास घेतला. आंबटगोड वास होता. नाकाने सोसला.